पडवीत कमावलेला महिना

संपादकांनी या अंकासाठी ‘थोड्या दिवसांची शेती’ हा विषय दिला. असा विषय ऐकला की आधी बर्फाचे देश आठवतात. मे महिन्यापर्यंत गोठलेली जमीन, सप्टेंबरात पुन्हा सुरू होणारं हिमदव आणि मधल्या चार महिन्यांत टोमॅटो लाल करून घेण्याची धांदल. तिथली माणसं मार्चमध्येच घरात, दिव्याखाली, मातीविना रोपं करायला घेतात. पण ही धांदल आपल्याकडेही आहे आणि ती पाहायला विरार लोकल पुरते. नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेला सोपारा मागे टाकलं की इमारती विरळ होतात, रस्त्याच्या कडेला केळी दिसू लागतात आणि वसईतलं निर्मळ येतं. तळं, तळ्याकाठच्या टेकडीवर शंकराचार्यांचं समाधिमंदिर, पलीकडे होली क्रॉस चर्च आणि या सगळ्याच्या आजूबाजूला वाड्या.

भाद्रपदात इथे आलं तर काकडी-शिराळ्याचे मांडव तेवढे हिरवे असतात. बाकी भाजीची जमीन रिकामी, शेवाळलेली, पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत जाणारी. हिवाळी भाजीचा विचारसुद्धा या चिखलात करता येऊ नये असे हे दिवस. आणि नेमक्या याच दिवसांत काही घरांच्या पडवीत टोमॅटो, वांगी, मिरची आणि कोबीची रोपं उभी असतात.

दोन्ही टोकांनी कुरतडलेला हंगाम

निर्मळची जमीन कधी गोठत नाही. ती भिजते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. हवामान खात्याने २०२० साली मॉन्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या, त्यात मुंबईत पाऊस येण्याची तारीख एका दिवसाने पुढे जाऊन ११ जून झाली, पण परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबरवर गेली. शहरातल्या माणसाला हे नऊ दिवस कळतही नाहीत. वाडीवाल्याच्या हिवाळी भाजीतून मात्र ते कापले गेले. दुसऱ्या टोकाचीही खात्री राहिलेली नाही. २०२५मध्ये मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत येऊन ठेपला.

आता टोमॅटोच्या बाजूने हिशेब मांडू. टोमॅटोला फुलोऱ्यात रात्री थंड लागतात, १५ ते २० अंशांच्या. रात्रीचा पारा सतत चोविसाच्या वर राहिला किंवा दिवसाचा पस्तिशीपार गेला की परागकण निकामी होऊ लागतात आणि फूल देठातून गळून पडतं. समुद्राकाठच्या या पट्ट्यात खऱ्या थंड रात्री मिळतात त्या डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे झाड डिसेंबरात भर फुलावर असलं पाहिजे.

पाऊस गेल्यावर, समजा १० ऑक्टोबरला, वाफ्यात बी टाकलं तर रोप लावणीला यायला नोव्हेंबरचा पहिला आठवडा उलटतो. तिथून पहिलं पिकलं फळ हाती यायला साठ ते पंच्याहत्तर दिवस. जानेवारी अर्धा सरतो तेव्हा कुठे तोडणी सुरू होते आणि मार्च लागताच उन्हाने झाड थकतं. दोन महिन्यांचीही तोडणी धड मिळत नाही. तेच बी ८-१० सप्टेंबरला छपराखाली पेरलं आणि रोप ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जमिनीत गेलं, तर पहिली फळं डिसेंबरच्या मध्यावर येतात. झाडाच्या आयुष्यात एक महिना वाढतो, आणि तो फळाचा महिना असतो.

मग सप्टेंबरात उघड्यावर गादीवाफा का करू नये? करून पाहणाऱ्यांना उत्तर माहीत आहे. सरीने बी वाहून जातं. उरलेलं कुजतं. जे उगवतं त्याच्या खोडाशी बुरशी बसते, आणि त्यातूनही वाचलेलं एका रात्रीत गोगलगाई फस्त करतात. पावसात बियाण्याला उबेची वाण नसते, २५ ते ३० अंश हे उगवणीला उत्तम तापमान या दिवसांत फुकट मिळतं. त्याला वाण असते ती कोरड्या श्वासाची. मुळांना हवा मिळत नाही.

राबाची जुनी समज

हंगामाच्या आधी, वेगळ्या जागी रोप तयार करायचं आणि वेळ आली की हलवायचं, ही गोष्ट या भागाला कुणी शिकवायची गरज नाही. भाताचं अख्खं पीक त्यावरच उभं आहे. उन्हाळ्यात शेताचा एक तुकडा शेण, पालापाचोळा, फांद्या घालून भाजायचा, पावसाच्या तोंडावर तिथे दाट बी पेरायचं आणि तीन-साडेतीन आठवड्यांचं आवण उपटून चिखलात लावायचं. राब भाजल्याने तण आणि किडीची अंडी मरतात, राखेतून पालाश मिळतं. आज कोकोपीट निर्जंतुक करून वापरतात त्यामागचं कारण हेच आहे. स्वच्छ जागी, लहानशा क्षेत्रात, नजरेखाली रोप वाढवणं.

घरात पेरणंही नवं नाही. नवरात्रात घटाभोवती उगवलेलं धान दसऱ्याला बोटभर उंच झालेलं असतं, आणि ते उजेडाविना वाढलं म्हणून फिकट पिवळं असतं, हेही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नाताळच्या गोठ्यात हिरवळ हवी म्हणून ख्रिस्ती घरांतून ताटलीत नाचणी पेरतात. दुष्काळाच्या वर्षांत मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी मका भिजवून, मोड आणून, ट्रेमध्ये नुसत्या पाण्यावर आठ-दहा दिवसांत हिरवा चारा केला. तेव्हा ‘हायड्रोपोनिक’ हा शब्द गोठ्यापर्यंत पोचला. मात्र या तिन्ही ठिकाणी रोप जगतं ते बियाण्यातल्या शिदोरीवर. ती शिदोरी दहा-बारा दिवसांत संपते. टोमॅटोच्या चिमुकल्या बियात तर ती आणखी लवकर सरते. त्यापुढे रोपाला खायला घालावं लागतं, आणि खरी विद्या तिथून सुरू होते.

ट्रे, कोकोपीट आणि खालून येणारं पाणी

ज्या पडवीत मी बराच वेळ बसलो तिचं छप्पर कौलारू होतं. भिंतीलगत लोखंडी घोडीवर तीन फळ्या, फळ्यांवर काळे प्रोट्रे. एका ट्रेला ९८ कप्पे, प्रत्येक कप्प्याच्या तळाला भोक. ट्रेच्या खाली पसरट प्लास्टिकची परात. वरून झारी धरत नाहीत. परातीत दोन बोटं पाणी ओततात, पंधरा-वीस मिनिटांत कोकोपीट ते खालून शोषून घेतं आणि उरलेलं पाणी परत बादलीत काढून ठेवतात. पानं कोरडी राहतात, म्हणून बुरशीला वाव कमी. पाणी निथळताना भोकातून हवा आत ओढली जाते, म्हणून मुळं गुदमरत नाहीत. पंप नाही, नळ्या नाहीत. मोठ्या हरितगृहात यंत्र जे भरती-ओहोटीचं काम करतं तेच इथे हाताने होतं.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. पाच किलोची दाबलेली वीट भिजवली की सत्तर-पंच्याहत्तर लिटर फुगते, त्यात वीस-पंचवीस ट्रे आरामात भरतात. त्यात अन्न जवळजवळ नसतं, पाणी आणि हवा मात्र दोन्ही धरून ठेवतं. बहुतेक माणसं एक गोष्ट टाळतात आणि तिथेच फसतात, ती म्हणजे ते धुणं. नारळ किनाऱ्याचं झाड, सोडण बहुधा खाऱ्या पाण्यात कुजवलेलं. त्यात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, एकदा कॅल्शियम नायट्रेटच्या हलक्या द्रावणात भिजत ठेवून पुन्हा धुतलं की ते क्षार सुटतात. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये उगवण उत्तम होते आणि दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा जळू लागतात. दोष मग बियाण्याला दिला जातो.

नुसत्या पाण्यात मुळं सोडून रोप करता येत नाही का? येतं. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांनी रूढ केलेली रीत तर फार सोपी आहे. झाकण असलेल्या डब्यात द्रावण भरायचं, झाकणातल्या भोकात रोप बसवायचं, रोप पीत जाईल तशी पातळी उतरते आणि वर उघड्या पडलेल्या मुळांना हवा मिळते. पालक, सॅलडची पानं शेवटपर्यंत याच डब्यात काढता येतात. पण ज्या रोपाला पुढे मातीत जायचं आहे, त्याला निव्वळ पाण्यात वाढवू नये. पाण्यातली मुळं लांब, ठिसूळ होतात आणि त्यांच्यावर केसासारखी मूळरोमं कमी असतात. मातीत लावल्यावर अशी रोपं आठवडाभर मान टाकून बसतात आणि कमावलेला वेळ तिथेच जातो. कोकोपीटच्या कप्प्यात मुळांचा घट्ट गड्डा होतो आणि रोप गड्ड्यासकट बाहेर येतं. एकही मूळ तुटत नाही.

घाटावर नारायणगाव-जुन्नर किंवा निफाड-पिंपळगाव पट्ट्यात आज टोमॅटोचं रोप असंच तयार होतं. शेतकरी रोपवाटिकेत आगाऊ नोंदणी करतो आणि ठरल्या दिवशी हजारोंच्या संख्येने रोप उचलतो. वसईतल्या वाड्या काही गुंठ्यांच्या. इथे पन्नास झाडं टोमॅटोची, तीस वांग्याची, वीस मिरचीची असा मामला. एवढ्यासाठी टेम्पो करून रोप आणणं परवडत नाही, आणलेल्या रोपाबरोबर पांढरी माशी आणि तिच्यामागून पानं गुंडाळणारा बोकड्या येतो तो वेगळाच. म्हणून घरचं रोप.

पावसाचं पाणी हेच उत्तम पाणी

निर्मळच्या पडवीत मला सर्वात मोलाची वाटली ती कौलांच्या पन्हाळीखाली ठेवलेली निळी टाकी.

मातीविना रोप वाढवताना अन्न पाण्यातूनच द्यायचं असतं, आणि पाण्यात क्षार किती आहेत हे विद्युतवाहकतेवरून मोजतात. त्यासाठीचा छोटा मीटर पेनाएवढा असतो. कोवळ्या रोपाला साधारण एक, मोठं झाल्यावर दीड मिलिसिमेन्सपर्यंतचं द्रावण मानवतं. आता विहिरीचं पाणीच मचूळ असेल आणि त्याची वाहकता दोनवर असेल, तर खत घालायला जागाच उरत नाही. रोप तहानलेलं असूनही पाणी नीट ओढू शकत नाही, कारण बाहेरचं पाणी खारट. किनाऱ्यावरच्या कितीतरी लोकांचे मातीविना शेतीचे प्रयोग याच एका कारणाने फसतात. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य असतात. कोऱ्या पाटीवर हवं तेवढं लिहिता यावं, तसं त्यात हवं तेवढं अन्न मोजून घालता येतं. भाद्रपदापर्यंत कौलं धुऊन निघालेली असतात, म्हणून टाकीतलं पाणी स्वच्छ असतं. जो पाऊस हंगाम खातो, त्यानेच रोपासाठी लागणारं सर्वोत्तम पाणी दारात आणून ठेवलेलं असतं. टाकीचं तोंड मात्र दाट कापडाने बांधायलाच हवं. उघड्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

अन्नाचंही एक गणित आहे. कृषी सेवा केंद्रात मागितलं की ‘एकोणीस-एकोणीस-एकोणीस’ मिळतं. नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात आणि पाण्यात पूर्ण विरघळणारं. घाईत सगळे तेच वापरतात. त्यात दोन उणिवा आहेत. त्यातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं आणि युरिया पचवून देणारे जिवाणू मातीत असतात, धुतलेल्या कोकोपीटमध्ये फारसे नसतात. दुसरं, त्यात कॅल्शियम नाही. म्हणून सोबत कॅल्शियम नायट्रेट आणि थोडं मॅग्नेशियम सल्फेट लागतं, शिवाय लोह, जस्त, बोरॉन यांचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण. हे सगळं एकाच बाटलीत घट्ट कालवलं तर कॅल्शियम हे सल्फेट आणि फॉस्फेटशी जुळून पांढरा साका तळाला बसतो आणि रोपाला काहीच मिळत नाही. दोन बाटल्या वेगळ्या ठेवायच्या आणि भरपूर पाण्यात एकामागून एक मिसळायच्या. द्रावणाचा सामू साडेपाच ते साडेसहा ठेवायचा. याहून वर गेला की लोह विरघळत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात.

पहिली दोन दळं उघडेपर्यंत नुसतं पाणी. खरं पान दिसलं की हलकं द्रावण. पुढे दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं आणि अधूनमधून एक दिवस पुन्हा साध्या पाण्यावर ठेवायचं म्हणजे कप्प्यात क्षार साठत नाहीत. जास्त खाऊ घातलेलं रोप गर्द हिरवं, लुसलुशीत आणि नाजूक होतं. वाडीवाल्यांना ते आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

ढगाखालचा उजेड

घटावरचं धान पिवळं का पडतं ते इथे पुन्हा समोर येतं. पडवीत उजेड एका बाजूने येतो आणि सप्टेंबरच्या आभाळात तोही क्षीण. रोप उजेडाकडे वाकतं, खोड सुतासारखं बारीक आणि लांब होतं, आणि असं रोप जमिनीत लावल्यावर पहिल्या वाऱ्याला आडवं पडतं. ज्या घरात मी गेलो तिथे फळीखाली साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या लावल्या होत्या, रोपांच्या शेंड्यापासून वीतभर वर. रोप वाढेल तशी पट्टी वर सरकवायची. शेतीसाठीचे म्हणून जांभळे दिवे विकतात त्यांची रोपांसाठी गरज नाही. वीस वॉटच्या दोन पट्ट्या रोज चौदा तास जळल्या तर दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, पंचवीस दिवसांत चौदा युनिट वीज लागते. शे-दोनशे रोपांसाठी हा खर्च मोठा नाही. वारं नसेल तर एक लहान पंखा दिवसातून थोडा वेळ रोपांवरून फिरवायचा. हलत्या रोपाचं खोड जाड होतं.

पावसाळी हवेत खरी भीती कोलमडीची. संध्याकाळी ताठ उभी असलेली रोपं सकाळी बुडाशी पिचून आडवी झालेली दिसतात. पिथियमसारख्या बुरशीचं हे काम. एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात ती पाण्यावाटे जाते, म्हणून परातीतलं उरलेलं पाणी शिळं करून पुन्हा पुन्हा वापरू नये, ट्रे गेल्या वर्षीचे असतील तर धुऊन उन्हात तापवून घ्यावेत आणि कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा मिसळावा. औषधापेक्षा हवा आणि कोरडी पानं जास्त कामी येतात. पडवीला बारीक जाळी लावली तर पांढरी माशीही बाहेर राहते.

कालिंपाँगपासून एडमंटनपर्यंत

मातीविना वनस्पती जगवण्याचं शास्त्र जर्मनीत १८६०च्या आसपास युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी उभं केलं. रोपाला नेमकं काय लागतं हे शोधायचं तर मातीचा गोंधळ बाजूला करणं भाग होतं. पुढे बर्कलेच्या विल्यम गेरिक यांनी १९३०च्या दशकात टाक्यांमध्ये टोमॅटोचे उंचच उंच वेल वाढवून दाखवले आणि या पद्धतीला तिचं आजचं नाव मिळालं. भारतात जे. शोल्टो डग्लस यांनी १९४६-४७च्या सुमारास दार्जिलिंग जिल्ह्यात कालिंपाँगला प्रयोग केले. महागडी यंत्रं नसलेल्या माणसाला खडी-वाळूच्या वाफ्यात हे करता यावं, हा त्यांचा ध्यास होता. त्यांचं ‘बंगाल पद्धती’वरचं पुस्तक १९५१मध्ये आलं. परात आणि बादलीवर चालणारी पडवी त्याच वळणाची आहे.

गेरिक यांच्याच विद्यापीठातल्या डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी १९३८ साली काढलेल्या पुस्तिकेला या विषयात फार मान आहे. आजही जगभर त्यांचं द्रावण वापरतात. त्यांनी शांतपणे तपासणी करून सांगितलं होतं की चांगल्या मातीत येतं त्याहून जास्त उत्पन्न पाण्यात येतं असं काही दिसत नाही. महाराष्ट्रात हा विषय ज्या उत्साहाने विकला जातो, तो पाहता हे वाक्य विक्रेत्याने पहिल्या पानावर छापायला हवं. शहरातल्या गच्चीवर, जिथे मातीच नाही, तिथे या पद्धतीला पर्याय नाही. निर्मळच्या वाडीत माती आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेणखत, पाला घालून कमावलेली आहे. तिथे टोमॅटो शेवटपर्यंत पाण्यात वाढवण्यात मला अर्थ दिसत नाही.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तोही याच वृत्तीने. शास्त्र परकं मानायचं नाही, ते आपल्या दहा गुंठ्यांत तपासायचं, मोजायचं, आणि शेजाऱ्याला सांगायचं. पडवीतल्या भिंतीवर खडूने लिहिलेल्या पेरणीच्या तारखा पाहिल्या तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली.

परदेशातल्या मराठी घरांत मात्र घरातलं रोप ही चैन नसते, त्याशिवाय बाग होतच नाही. कॅनडात एडमंटनसारख्या शहरात हिमदवाविना दिवस जेमतेम चार महिन्यांच्या आसपास मिळतात. टोरंटोत मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया दिनाच्या सुट्टीआधी रोप बाहेर लावू नये असा रिवाज आहे. मिरची-वांग्याचं बी तिथे मार्चमध्येच तळघरात पडतं, आणि उगवणीसाठी ट्रेखाली तापती चटईसुद्धा ठेवावी लागते, कारण मिरचीला ऊब नसेल तर ती तीन-तीन आठवडे उगवत नाही. दिवा, कोकोपीट, द्रावण तेच. फरक एवढाच की तिथे रोप थंडीपासून जपायचं, इथे पाण्यापासून.

बाहेर नेण्याचे दिवस

रोप चार-पाच पानांचं झालं, खोड पेन्सिलीच्या शिशाहून जाड झालं की त्याला पडवीबाहेरची सवय लावायची. हे आठ दिवस गाळले तर मागची सगळी मेहनत ऑक्टोबरच्या उन्हात करपते, आणि ऑक्टोबरचं ऊन इथे कडक असतं. आधी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग दोन तास, मग दुपारपर्यंत. पाणी आणि खत दोन्ही थोडं कमी. पानं जरा जाड, रंग जरा करडा होतो. मग संध्याकाळी लावणी, उंच सरी-वरंब्यावर, कारण परतीचा पाऊस दोन-चार दणके देऊनच जातो. टोमॅटोचं रोप खालच्या पानापर्यंत मातीत दाबलं तरी चालतं, खोडालाही मुळं फुटतात. मिरची-वांग्याला मात्र गड्ड्याच्या पातळीलाच लावतात.

तारखांचा हिशेब मी सणांवर बसवून पाहिला. गणेश चतुर्थीपासून दसरा छत्तिसाव्या दिवसाच्या आसपास येतो आणि मिरची-वांग्याच्या रोपाला पस्तीस ते चाळीस दिवस लागतात. अनंत चतुर्दशीपासून दसरा पंचवीस-सव्वीस दिवसांवर, आणि टोमॅटो-कोबीच्या रोपाचं वयही तेवढंच. मात्र अधिक महिन्यामुळे तिथी पुढेमागे होतात. २०२५मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला, २०२६मध्ये तो २० ऑक्टोबरला आहे, आणि पाऊस तिथी पाहत नाही. वसईतल्या ख्रिस्ती घरांकडे मात्र एक अढळ तारीख आहे: ८ सप्टेंबर, मारियामातेचा जन्मदिन. त्या दिवशी टोमॅटोचं बी टाकलं की बरोबर तीस दिवसांनी पाऊस परतण्याची सरासरी तारीख येते. मला ही तारीख सर्वात भरवशाची वाटते. मिरची-वांग्याचं बी तिच्या आधी आठवडाभर पडावं.

कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते, दिवाळीनंतर जवळजवळ चार आठवड्यांनी. पडवीतलं रोप लावलेल्या वाडीत तोवर टोमॅटो फुलावर आलेला असतो. पाऊस गेल्यावर वाफ्यात बी टाकलेल्यांचं रोप त्याच सुमारास जेमतेम जमिनीत रुजत असतं.

रोप उतरणार कुठे

पडवीत एवढ्या निगुतीने वाढवलेली रोपं पुढचे शंभर-सव्वाशे दिवस वाडीच्या पाण्यावर जगतात. वसईच्या वाड्यांची पाण्याची व्यवस्था जुनी आहे. वाडीत खोदलेली बावखलं पावसाचं पाणी धरून ठेवतात, ते वाळूतून जिरतं, आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. विहिरी त्या थरापुरत्याच उथळ खणलेल्या. रहाटाने पाणी निघे तोवर उपसा हळू होता. विजेचे पंप आले, पाठोपाठ इमारतींना पाणी पुरवणारे टँकर आले, आणि गोडा थर पातळ होत गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह अनेकांनी ‘हरित वसई’च्या लढ्यात हेच पाणी आणि हीच जमीन वाचवायचा आग्रह धरला होता. फादर २५ जुलै २०२४ रोजी गेले. २०११च्या जनगणनेत १२ लाखांवर असलेल्या वसई-विरार शहराची भूक तेव्हापासून वाढतच गेली आहे.

बावखल बुजवलं की दोन गोष्टी होतात. पावसाळ्यात पाण्याला जागा उरत नाही आणि ते घरात शिरतं. २०१८च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्याने ते पाहिलं. आणि फेब्रुवारीत, टोमॅटो ऐन फळावर असताना, विहीर मचूळ होते. हंगामाचं दुसरं टोक ऊन कापतं त्याच्याही आधी खारं पाणी कापतं. पडवीत मिळवलेला महिना मग विहिरीत जातो. म्हणून माझ्या मते ट्रे-कोकोपीटचं शिक्षण आणि बावखलांची डागडुजी ही एकच योजना असायला हवी. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि डहाणूजवळचं कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र या संस्था याच प्रदेशात दशकानुदशकं काम करत आहेत. किनाऱ्यावरच्या छोट्या वाडीसाठी, पावसाच्या पाण्यावरच्या रोपांचं प्रात्यक्षिक त्यांनी दर ऑगस्टमध्ये गावात येऊन दाखवावं.

वाचकांपैकी ज्यांची या पट्ट्यात वाडी आहे त्यांना दोन विनंत्या. येत्या ऑगस्टमध्ये पन्हाळीखाली एक टाकी ठेवा, एक कोकोपीटची वीट धुऊन घ्या, आणि सप्टेंबर लागला की पाच तरी ट्रे पेरा. आणि त्याआधी, मे महिन्यात, विहिरीला पाणी कमी असताना, आपल्या बावखलातला गाळ काढून घ्या. ते बुजवण्यासाठी कुणी भरावाची गाडी पाठवली तर ती परत पाठवा.